म्युझियमवाले "सगळी सोय आहे" म्हणतात, नेमकं काय विचारायचं?

भिरभिरी:
पुढच्या महिन्यात आम्ही घरचे सगळे एका मोठ्या म्युझियमला जाणार आहोत. बाबा व्हीलचेअरवर असतात, आधार घेऊन मिनिटभर उभं राहता येतं पण पायऱ्या अजिबात नाही, आणि मावशीला काचबिंदूमुळे फार कमी दिसतं, म्हणजे समोरचं मधलं तेवढं दिसतं, बाजूचं गायब. साइटवर "दिव्यांगांसाठी सर्व सोयी उपलब्ध" एवढं एक वाक्य आणि व्हीलचेअरचं निळं चित्र, बास. फोन केला तर पलीकडून "हो हो सगळं आहे, तुम्ही या तर खरं". मागे दुसऱ्या एका ठिकाणी असंच सांगितलेलं आणि गेलो तर दिव्यांगांच्या टॉयलेटला कुलूप, किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला, शेवटी दार उघडलं तर आत बादल्या, मॉप आणि मोडक्या खुर्च्या. तेव्हापासून बाबा "तुम्ही जाऊन या, मी बसतो घरी" म्हणतात. तर काय विचारलं म्हणजे खरं काय ते कळेल? आणि मावशीला तिथे काही करता येण्यासारखं असतं का, की नुसतं आपल्यासोबत फिरवायचं?

चाकावरची:
"सोय आहे का" हा प्रश्नच विचारू नका, त्याचं उत्तर कायम "हो"च येतं. असं विचारा की गाडीतून उतरल्यापासून तिकीट खिडकीपर्यंत एकूण पायऱ्या किती, आणि पायरी नसलेलं दार कुठलं, ते उघडं असतं की कोणाला तरी बोलवावं लागतं. जुन्या इमारतींत हे दार हमखास मागच्या बाजूला असतं, जिथून सामान आत येतं तिथे, आणि सिक्युरिटीवाल्याला आधी सांगून ठेवलं नसेल तर तो तुम्हाला परत पुढच्या दाराला पाठवतो.

रॅम्प आहे म्हणाले तर लांबी विचारा. नियम साधारण १:१२ चा, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट रॅम्प. तीन पायऱ्यांची दीड फूट उंची धरली तर १८ फूट लागतो, तिथे सहा फुटांची लाकडी फळी टाकलेली असेल तर ती घसरगुंडी झाली, रॅम्प नाही. लिफ्टचं पण तसंच, कुठल्या मजल्यांवर थांबते आणि लिफ्टमधून बाहेर आल्यावर दालनापर्यंत परत दोन पायऱ्या आहेत का (असतात!! कोण बांधतं देव जाणे). लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी सेंटिमीटरमध्ये मागा. बाबांची खुर्ची इलेक्ट्रिक असेल तर लिफ्ट किती वजन घेते तेही, कारण नुसती खुर्चीच शंभर किलोच्या वर जाऊ शकते.

म्युझियमची खुर्ची मिळते म्हणून स्वतःची घरी ठेवू नका. तिकडच्या खुर्चीला पाय ठेवायची पट्टी एकाच बाजूला असते किंवा ब्रेक लागत नाही. टॉयलेटची किल्ली कोणाकडे असते, त्या माणसाचं नावच विचारून घ्या. आणि सगळ्यात भारी उपाय म्हणजे त्यांनाच म्हणा, प्लीज या रस्त्याने एकदा चालत जाऊन फोनवर फोटो काढून पाठवा. फोटो आले तर सोय आहे, नाही आले तर समजून घ्या.

आणि हे सगळं विचारताना "सॉरी हं, त्रास देतेय" वगैरे नको. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार २००६ चा आहे, त्याच्या कलम ३० मध्ये सांस्कृतिक जीवनात भाग घ्यायचा हक्क लिहिलाय, म्युझियमचा उल्लेखसुद्धा आहे. बाबांना पण सांगा.

दालनमामा:
मी म्युझियमच्या शिक्षण विभागात काम करतो. आधी आमची बाजू सांगतो: फोन उचलणारा माणूस बहुतेक वेळा तिकिटाचा असतो, त्याला खरंच माहीत नसतं. शिक्षण विभाग मागा, नाहीतर ईमेल टाका आणि भेटीची तारीख लिहा. आठ-दहा दिवस आधी कळलं तर बऱ्याच गोष्टी जमतात ज्या दारात उभं राहून जमत नाहीत.

मावशींसाठी 'टच टूर', म्हणजे वस्तूंना हात लावून बघायची फेरी, आहे का ते विचारा. सरसकट हात लावू देत नाहीत याला कारण आहे, घामातलं मीठ आणि तेलकटपणा धातूला खातो, संगमरवरावर डाग पडतात, एकाने लावून दिसत नाही पण रोज हजार हात लागले की दिसतं. ग्रॅनाइटसारखा कठीण दगड मात्र पुष्कळ सोसतो, म्हणून ब्रिटिश म्युझियमच्या टच टूरमध्ये इजिप्तची शिल्पं आहेत. आधी अंगठ्या, घड्याळ काढायला लावतात, काही ठिकाणी हातमोजे देतात. चित्रांचंही होतं, माद्रिदच्या प्रादो म्युझियमने २०१५ मध्ये काही प्रसिद्ध चित्रांच्या हाताला उंचसखल लागणाऱ्या प्रती करून हाताने बघायला ठेवल्या होत्या. आणि इटलीत अँकोनाला म्यूझिओ ओमेरो म्हणून आख्खं म्युझियमच स्पर्शाने बघायचं आहे, एका अंध जोडप्याने सुरू करवलेलं.

अजून एक, 'ऑडिओ गाइड आहे' म्हणाले तर खूश होऊ नका. तो दिसणाऱ्यांसाठी असतो, "डावीकडच्या आकृतीचे भाव पाहा" असलं बोलतो. तुम्हाला 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' हवंय, ज्यात वस्तू केवढी, कशाची, कुठला भाग कुठे, हे सांगतात. रेकॉर्डिंग नसेल तर माणूस मिळेल का विचारा, चांगला वर्णन करणारा माणूस कुठल्याही यंत्रापेक्षा बरा.

कापड आणि कागदाच्या दालनांत मावशींना त्रास होईल. तिथे उजेड ५० लक्सच्या आसपासच, म्हणजे बराच मंद ठेवतात, रंग उडू नये म्हणून, त्याला आमचा इलाज नाही. डोळे अंधाराला सरावायला वेळ द्या, एकदम उन्हातून आत नेऊ नका.

मंदप्रकाश:
मला स्वतःला मावशींसारखंच दिसतं, त्यामुळे लिहितोय. दालनमामा बाकी सगळं पटलं पण ते हातमोजे!! त्यातून छिन्नीच्या बारीक खुणा, दगडाचा गारवा, काही म्हणजे काही कळत नाही. निदान पातळ तरी द्या. आणि बऱ्याच ठिकाणी टच टूर म्हणजे कोपऱ्यात एक टेबल, त्यावर तीन प्लास्टिकच्या प्रती, आणि त्यांच्याशी शाळेची पोरं खेळतायत.

भिरभिरी, तुमच्यासाठी: मावशी ब्रेल वाचतात का? उतारवयात नजर गेलेले बरेच जण वाचत नाहीत, त्यामुळे ब्रेल पाट्यांचं कौतुक ऐकून भुलू नका, मोठ्या अक्षरातली माहिती कागदावर मिळते का विचारा. ती हातात धरून डोळ्याजवळ नेता येते, भिंतीवरची पाटी नाही नेता येत. काचेवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं तेव्हा समोर नाही, थोडं तिरकं उभं राहा. मी तर फोनच्या कॅमेऱ्याने फ्लॅश बंद करून फोटो काढतो आणि स्क्रीनवर मोठा करून बघतो, फोटोला परवानगी आहे का एवढं आधी विचारायचं. काचबिंदूत बाजूचं आणि पायाखालचं दिसत नाही, वस्तूंभोवतीच्या त्या गुडघ्याएवढ्या दोऱ्या लावतात ना, त्यांनीच माणूस आपटतो. त्यांचा हात धरून ओढू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. सगळं म्युझियम करायचा हट्ट नको, पाच-सहा वस्तू निवडा आणि प्रत्येकीपुढे निवांत थांबा.

अर्धाकान:
कोणी ऐकण्याचं मशीन वापरत असेल तर इंडक्शन लूप (माइकचा आवाज थेट कानातल्या मशीनला पोचवणारं यंत्र) चालू आहे का विचारा, 'आहे का' नाही, 'चालू आहे का'. मशीन टी मोडवर टाकलं की गाइडचा माइक थेट कानात येतो, दालनातला घुमणारा आवाज मधे येत नाही. पाटी असते कानाच्या चित्राची, यंत्र मात्र बंद.

दोनपोरांचीआई:
जरा अवांतर, पण माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. काही म्युझियमांत ठरावीक दिवशी शांत वेळ ठेवतात, दिवे मंद, आवाज बंद, गर्दी कमी. त्या वेळी वयस्कर माणसांनाही बरं पडतं, बाबांच्या खुर्चीला वाट मिळते. विचारून बघा.

भिरभिरी:
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. शिक्षण विभागाला फोन लावला, एक ताई चक्क लिफ्टपर्यंत जाऊन मोजून आल्या, दार ७२ सेंमी आहे म्हणाल्या. टच टूर नाही पण दगडी मूर्तींपैकी दोनांना हात लावू देतील, वरिष्ठांना विचारून कळवते म्हणाल्या. ७२ पुरेल का?

चाकावरची:
बाबांची खुर्ची मोजा, सीट नाही, ढकलायच्या बाहेरच्या कडीसकट. साध्या खुर्च्या ६५ च्या आसपास असतात, जाईल. दारातून जाताना फक्त हात मांडीवर घ्यायला सांगा, नाहीतर बोटांची सालं निघतात.