माती रिपोर्ट आलाय, पण ह्या रानात ऊस लावावा का?

नवी_लागण:
नमस्कार मंडळी, दोन एकर काळं रान आहे, आजवर हंगामी पिकंच घेतली, आता पहिल्यांदा ऊस लावायचा विचार चाललाय. मातीचा रिपोर्ट आलाय. पीएच 8.3, ईसी (म्हणजे क्षारांचं प्रमाण) 0.6, सेंद्रिय कर्ब 0.42 टक्के, नत्र हेक्टरी 190 किलो, स्फुरद 14, पालाश 410, मुक्त चुना 13 टक्के, लोह 2.8 पीपीएम. लॅबनं खताचा डोस लिहून दिलाय, पण जमीन उसाला चालेल का नाही त्यावर एक ओळ नाही. खालचा एक कोपरा उन्हाळ्यात पांढरा पडतो, तिथली माती पण नमुन्यात मिसळली होती. ऊस एकदा लावला की खोडव्यासकट (तोडल्यावर बुडख्यातनं परत फुटणारा ऊस) रान दोन-तीन वर्षं अडकतं म्हणून आधीच विचारतोय.

वाफसा:
कोपऱ्याची माती बाकीच्यात मिसळायला नको होती. ईसी 1 च्या आत दिसतोय म्हणून बरं वाटतं पण ती सगळ्या रानाची सरासरी आहे, कोपरा एकटा 2 च्या वर आणि वरचं रान 0.3 असं पण निघू शकतं. कोपऱ्याचा नमुना वेगळा द्या. आणि वरच्या एका फुटाचा एक, खालच्या फुटाचा दुसरा, अशा दोन पिशव्या करा, उसाची मुळं काय वरच्या वितीत थांबत नाहीत. बांधाकडची, झाडाखालची, शेणखत पडलेली जागा सोडून द्या.

आणि लॅबचा रिपोर्ट खायला काय आहे ते सांगतो, राहायला जागा आहे का ते सांगत नाही, त्यासाठी खड्डाच घ्यावा लागतो. वर एक, कोपऱ्यात एक, तीन-साडेतीन फूट खोल. मुरूम कुठं लागतो, जुनी मुळं कुठवर गेलीत ते बघा. मग खड्डा पाण्यानं भरा, जिरला की परत भरा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. मी हे न करता चिबड, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या रानात लागण केली होती, रिपोर्ट चांगला होता, तरी पावसाळ्यात मुळं कुजली आणि फुटवे आलेच नाहीत. कर्ब वाढवता येतो हो, निचरा खताच्या पोत्यातनं येत नाही.

पाचट_जाळू_नका:
वरच्यांशी सहमत. आकड्यांचं सांगतो. पालाश भरपूर आहे. नत्र 280 च्या खाली म्हणजे कमी, कर्ब पण कमी, पण ताग गाडून, शेणखत टाकून, पुढं पाचट (उसाची वाळलेली पानं) रानातच कुजवून ते सुधारतं. मला काळजी चुन्याची वाटते. चुना 10 टक्क्यांच्या वर गेला की लोह मातीत असून पिकाला मिळत नाही, तुमचं लोह तर मुळातच 4.5 पीपीएमच्या खाली, म्हणजे कमी आहे. कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्यालाच केवडा म्हणतात. हिराकस (लोहाचं खत) चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून सरीत द्या, नुसतं फेकलं तर चुना गिळून टाकतो. स्फुरदाचं पण तसंच.

8.3 बघून जिप्सम मात्र ओतू नका, लोक हमखास ही चूक करतात. हा पीएच चुन्यामुळं आहे. जिप्सम लागतं चोपण जमिनीला, जिथं सोडियम साचलेला असतो आणि पीएच बहुधा 8.5 च्या पुढं जातो. कोपऱ्याचा वेगळा रिपोर्ट आला की तिथलं ठरवा. हो, विहिरीचं पाणी पण तपासून घ्या, क्षार कितीदा तिथूनच येतात.

नवी_लागण:
आज दोन्ही खड्डे घेतले. वर तीन फूट काळी माती मग मुरूम, दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळपर्यंत जिरलं. कोपऱ्यात दोन फुटांवरच राखाडी चिकट थर लागला, तांबूस ठिपके आहेत, पाणी आहे तसंच उभं आहे.

वाफसा:
तांबूस ठिपके म्हणजे तिथं पाणी वरचेवर साचून राहतं. वरच्या रानात बिनधास्त लावा. कोपरा ह्या वर्षी सोडा, आधी चर काढून पाण्याला वाट द्या, मग हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरा, तो क्षार आणि दलदल दोन्ही सोसतो.

नवी_लागण:
ठरलं, कोपरा सोडतो. धैंचा गाडायचा कधी?

पाचट_जाळू_नका:
फुलावर यायच्या आधी, साधारण 45-50 दिवसांनी, काडी कोवळी असतानाच. गाडताना रानात ओल पाहिजे नाहीतर नीट कुजत नाही.