मदत हवी आहे: शिवराई आणि चांदीच्या रुपयांचे घरच्या घरी फोटो

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात शनिवार पेठेत राहते. आजोबांनी आयुष्यभर जमवलेली नाणी आता माझ्याकडे आली आहेत. त्यात तांब्याच्या शिवराई बऱ्याच, राणी व्हिक्टोरिया आणि पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये, शिवाय १९४३ ते ४७ मधले भोकाचे पैसे. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि व्यास अशी नोंदवही करायची आहे. उद्या भावंडांत वाटणी झाली तरी आजोबांचा संग्रह निदान नोंदीत तरी एकत्र राहावा, एवढीच इच्छा.

खरी अडचण शिवराईची. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे काठाकडची अक्षरे अर्धीमुर्धीच उमटलेली असतात. जाणकार अक्षरांच्या वळणावरून आणि काठाच्या ठिपक्यांवरून प्रकार ओळखतात, म्हणजे नेमका काठच स्पष्ट यायला हवा. फ्लॅश लावला की काळसर तांबे सपाट दिसते. मोबाईल जवळ नेला की त्याचीच सावली नाण्यावर पडते. उलट चांदीचा रुपया काळ्या कापडावर ठेवला तर राणीचा चेहरा पांढराफटक येतो.

खिडकीतला उजेड छान असतो, पण आपल्याकडच्या पावसात तो घडीघडीला बदलतो. सकाळच्या आणि दुपारच्या फोटोंत एकाच नाण्याचे दोन रंग. म्हणून दिव्यावरच जमवायचे आहे. घरात दोन टेबल लॅम्प आहेत आणि एक साधा अँड्रॉइड फोन. कॅमेरा विकत घेणार नाही. दिवे कुठे ठेवू, आणि फोन किती उंचीवर?

एक सल्ला मात्र कृपया देऊ नका. घरी जो येतो तो म्हणतो, चिंच लावून घास, लख्ख होतील. तांब्यावर इतक्या वर्षांत धरलेला रंग एकदा गेला की परत येत नाही आणि संग्राहकांच्या लेखी नाण्याचे मोलही उतरते. आहेत तशीच दिसायला हवीत.

प्रतिसाद:
ताई, चिंचेला नाही म्हणालात ते फार चांगले केलेत. मी सांगलीचा, नाणीच जमवतो.

फोन नाण्यापासून वीतभर उंच ठेवा आणि दुप्पट झूम करा. मॅक्रो मोड नको. बऱ्याच फोनमध्ये त्याला रुंद भिंग वापरले जाते, मग फोन अगदी जवळ न्यावा लागतो आणि उजेड अडतो. पुस्तकांची थप्पी रचून फोन तिच्यावर आडवा ठेवा, भिंग तेवढे बाहेर. टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवून बघा: भिंगाचे प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसले तर फोन समांतर आहे. हे जमले की काठ सगळीकडे सारखा स्पष्ट येतो.

ट्यूबलाइट बंद करा, पडदे ओढा. दोन्ही लॅम्पमध्ये एकाच जातीचे बल्ब हवेत. काळ्या कापडाऐवजी राखाडी कार्डपेपर घ्या. काळे जास्त दिसले की फोन उजेड वाढवतो आणि चांदी जळते. तरीही फटफटीत आले तर नाण्यावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि उजेड कमी करा. रुपयासाठी दोन्ही दिवे उंच, समोर बटर पेपर (बल्बला चिकटवू नका). शिवराईला मात्र एकच दिवा, तोही तिरका आणि खाली, म्हणजे झिजलेल्या अक्षरांनाही सावली मिळते. नाणे बाटलीच्या झाकणावर ठेवा, मागची सावली धूसर होऊन जाते.

धागाकर्ती:
खूप आभार! तिरका दिवा आताच लावून पाहिला, 'राजा' पहिल्यांदाच नीट वाचता आले. पण 'छत्र पति'च्या बाजूने अक्षरे आत खोदल्यासारखी दिसतात. असे का?

प्रतिसाद:
दिवा अक्षरांच्या पायाकडून येत असणार. उजेड वरूनच येतो अशी डोळ्याला सवय असते, म्हणून खालून आला की उठाव खड्ड्यासारखा भासतो. दिवा हलवू नका, नाणेच फिरवा: अक्षरांचा माथा दिव्याकडे आला पाहिजे. धरताना कडेनेच धरा, बोटांचा घाम तांब्यावर डाग पाडतो.