साउंडबॉक्स गप्प, म्हणजे पैसे बुडाले असं नाही

हर्णै बंदरावर मासळी घेताना मोबाइलवरून यूपीआयने पैसे दिले, खात्यातून कापलेही गेले, पण मासळीवाल्या मावशींचा साउंडबॉक्स (पैसे जमा झाले की बोलून सांगणारा डबा) बोललाच नाही, मग पैसे बुडाले का, असं एकाने विचारलंय. त्या डब्यात वेगळं सिम असतं. बंदरावर त्याची रेंज गेली की पैसे जमा होऊनही तो गप्प. घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी मावशींच्या मोबाइलवर जमा दिसतंय का बघा, १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) जुळवा. खरंच अडकले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वैयक्तिक खात्याला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराच्या क्यूआरवरचे ५ दिवसांत परत यायला हवेत. पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. इंटरनेटच नसेल तर *९९# डायल करून पैसे पाठवायची सोय आहे, पण बांगड्याच्या एका वाट्यासाठी एवढी बटणं दाबत कोण बसणार? तिथे सुटे पैसेच बरे.