तपकिरी चरबी उष्णता नेमकी कशी तयार करते?

प्रश्न: एटीपी (पेशीचं ऊर्जा-चलन) साठलं की श्वसनसाखळी (इंधन जाळताना प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पटलाबाहेर ढकलणारी प्रथिनांची रांग) मंदावायला हवी ना? मग तपकिरी चरबीत, स्नायू न हलवता, इंधन जळत कसं राहतं?

प्रतिसाद १: प्रोटॉन अडून राहिले तरच ती मंदावते. इथे मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) आतल्या पटलात यूसीपी-१ हे प्रथिन असतं. बाहेर ढकललेले प्रोटॉन एटीपी सिंथेजला (प्रोटॉनच्या ओघावर एटीपी बनवणाऱ्या प्रथिनाला) वळसा घालून त्यातून आत परततात. धरणाचं पाणी टर्बाइन चुकवून सांडव्यावरून सोडावं तसं. एटीपीऐवजी उष्णता मिळते.

प्रतिसाद २: पण ही वाट एरवी बंद असते, तेच महत्त्वाचं! एटीपी आणि जीडीपी (एटीपीसारखाच एक रेणू) यूसीपी-१ला चिकटून ते रोखतात. थंडीत चेतातंतू नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन सोडतात, पेशीत सीएएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, प्रोटीन कायनेज ए हे विकर जागं होतं, चरबीच्या थेंबांतून मेदाम्लं सुटतात. तीच इंधन, आणि यूसीपी-१ उघडणारीही तीच. नवजात बाळ फारसं कुडकुडत नाही. खांद्यांच्या पात्यांमधली ही चरबीच त्याला ऊब देते.

प्रश्नकर्ता: मग डीएनपीनेही (वजन घटवायला काहीजण घेतात त्या विषारी रसायनानेही) हेच होतं का?

प्रतिसाद २: प्रोटॉनगळती होते, पण सगळ्याच पेशींत आणि कुठल्याही नियंत्रणाशिवाय. ताप चढत जातो, उतारा नाही, माणूस दगावू शकतो. वजन घटवायला अजिबात घेऊ नका.