टीव्हीच्या व्यसनावरचा 'फॅमिली गाय'चा दुसरा भाग मंडळात दाखवायचाय. सोबत काय लावू, कसा लावू?

चौथी_भिंत

नमस्कार मंडळी. महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात 'टीव्हीचं व्यसन' या विषयावर दीड तासाचं सत्र ठरलंय. मुलं १७ ते २१ वयाची, तीसेक असतील. मुख्य भाग म्हणून 'फॅमिली गाय' या अमेरिकन कार्टून मालिकेच्या पहिल्या हंगामातला दुसरा भाग, 'आय नेव्हर मेट द डेड मॅन', धरलाय.

हा भाग एकटा पुरेल की जोडीला आणखी काही लावावं? मध्ये थांबवून बोलायचं तर नेमकं कुठे? मराठी सबटायटल स्वतः करायची आहेत, त्यात काय बिघडतं? आणि प्रोजेक्टरवर जुनं चौकोनी चित्र नीट कसं दिसेल? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

सावकाश

निवड उत्तम आहे. हा भाग फॉक्स वाहिनीवर ११ एप्रिल १९९९ रोजी लागला. पहिला भाग ३१ जानेवारीला सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम) सामन्यानंतर दाखवून झाला होता. म्हणजे मध्ये दोन महिन्यांहून जास्त खंड पडला आणि नियमित मालिका खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली. लेखन ख्रिस शेरिडनचं, दिग्दर्शन मायकल दान्ते डिमार्टिनोचं. हाच डिमार्टिनो पुढे 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'च्या दोन निर्मात्यांपैकी एक झाला. मुलांना ते नाव ओळखीचं असेल, सुरुवातीला सांगा, कान टवकारतील.

शीर्षकावर प्रश्न येणारच. सुरुवातीच्या काही भागांना जुन्या रेडिओवरच्या रहस्यमालांच्या धाटणीची, मरण नाहीतर खून आलाच पाहिजे अशी नावं दिली होती. पहिला भाग 'डेथ हॅज अ शॅडो', तिसरा 'चिटी चिटी डेथ बँग'. पुढे हा प्रकार सोडून दिला. तेव्हा शीर्षकात अर्थ शोधण्यात वेळ घालवू नका.

आता थांबण्याच्या जागा. दोनच ठेवा. २२ मिनिटांत तीनदा थांबलात तर विनोदाची लय मोडते आणि मग कोणी हसत नाही.

पहिली जागा अपघाताची. घरातला बाप पीटर मुलीला, मेगला, गाडी शिकवतोय, पण सगळं लक्ष घरी पोचून टीव्ही लावण्याकडे. परतीच्या वाटेवर स्वतः गाडी चालवताना तो रस्त्यालगतच्या घरांच्या खिडक्यांतून आतले टीव्ही बघत जातो आणि गावाला प्रक्षेपण पुरवणाऱ्या डिशवरच गाडी घालतो. अख्ख्या क्वाहॉगचा टीव्ही बंद. दोष तो मेगवर ढकलतो आणि गप्प राहण्याच्या बदल्यात तिला गाडी कबूल करतो. इथे थांबवा आणि एवढंच विचारा: अपघात नेमका कशामुळे झाला? बहुतेक जण 'टीव्हीमुळे' म्हणतील. उत्तर फळ्यावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

दुसरी जागा त्यानंतरची. टीव्हीविना कासावीस झालेला पीटर टीव्हीची रिकामी चौकट अंगावर बांधून हिंडतो, म्हणजे बघेल ते त्याला पडद्यावरच दिसावं. या चित्रावर थांबा आणि दिवे लावा. चर्चा इथे सर्वांत जास्त रंगते, कारण चौकटीत काहीच नाही. काच नाही, कार्यक्रम नाही. त्याला फक्त कडा हव्या आहेत. जग कोणीतरी कापून, मापून समोर ठेवावं एवढीच त्याची मागणी आहे.

पुढचा अर्धा भाग त्या दृष्टीने दाखवा. पीटरला एकदम निसर्गाचं वेड लागतं आणि घरच्यांना तो दमेपर्यंत बाहेर फिरवतो. टीव्ही परत सुरू होतो तेव्हा बाकीचे टीव्हीसमोर बसतात आणि हा एकटा बाहेर. पण वागणं तेच, तसंच हट्टी, तसंच घरच्यांना गृहीत धरणारं. या भागाचं म्हणणं माझ्या मते हेच आहे: पीटरचं व्यसन पेटीत नव्हतं, पेटी गेली तरी ते हललं नाही. फळ्यावरचं उत्तर आता पुन्हा वाचायला लावा.

उत्तररात्र

सावकाश यांच्याशी सहमत. जोडीला 'द सिम्पसन्स' या दुसऱ्या अमेरिकन कार्टून मालिकेचा पहिल्या हंगामातला चौथा भाग लावा: 'देअर्ज नो डिसग्रेस लाइक होम', प्रसारण २८ जानेवारी १९९०. आधी हा, मग 'फॅमिली गाय'. उलट लावलात तर १९९०चा भाग संथ वाटतो आणि मुलं मोबाइल काढतात.

यात बाप होमरला आपलं घर इतरांपुढे लाजिरवाणं वाटतं. मो'च्या बारमध्ये मुष्टियुद्ध बघताना डॉ. मार्विन मन्रो यांच्या कुटुंबोपचार केंद्राची जाहिरात लागते: घरात सुख, नाहीतर दुप्पट पैसे परत. फी २५० डॉलर. मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत निघतात ८८ डॉलर ५० सेंट. मग टीव्ही गहाण. त्याची बायको मार्ज म्हणते, त्यापेक्षा माझी साखरपुड्याची अंगठी ठेवा. होमरला अजून दीडशे हवेत, अंगठीचं तेवढं येणार नाही. हा संवाद दोन वाक्यांचा आहे, पण घरात टीव्हीची किंमत काय आणि लग्नाची काय ते तेवढ्यात कळतं. सबटायटल करताना आकडे गाळू नका, विनोद आकड्यांतच आहे.

उपचार फसतात. सगळे एकमेकांना विजेचे झटके देत सुटतात, गावातले दिवे मंदावतात, शेवटी डॉक्टर ५०० डॉलर परत करून त्यांना घालवतो. त्या पैशांतून काय येतं? नवा टीव्ही, २१ इंची, सणासुदीला जेवणघरात ढकलत नेता येईल अशा गाडीसकट.

दोन्ही भाग जोडणारा धागा म्हणजे खिडकी. सिम्पसन कुटुंब संध्याकाळी लोकांच्या खिडक्यांतून डोकावतं, ती घरं आपल्यापेक्षा कशी सुखी ते बघायला. पीटर खिडक्यांतून डोकावतो ते टीव्ही बघायला. नऊ वर्षांनी खिडकी तीच आहे, आतली माणसं मात्र बघणाऱ्याला दिसेनाशी झाली. हे मुलांना तुम्ही सांगू नका, दोन्ही दृश्यं पाठोपाठ दिसली की कोणीतरी आपणहून बोलतं.

एक सूचना आधीच देऊन ठेवा. पहिल्या हंगामातली रेषा डगमगती आहे, रंग उतरल्यासारखे वाटतात आणि डॅन कॅस्टेलानेटाने होमरला दिलेला आवाज पुढच्यापेक्षा जाड आहे. प्रत खराब नाही, तेव्हाचं काम तसंच होतं. शिवाय पात्रं अजून बसलेली नव्हती: या भागात मार्ज पिऊन गाते, मुलगी लिसा दंगा करते आणि घराची चिंता होमर वाहतो. मालिका माहीत असलेला मुलगा इथे गोंधळतो.

ऑफलाइन_बरा

तिसरं काही हवं असेल तर पूर्ण भाग नको, दोन तुकडे पुरेत. 'द सिम्पसन्स'च्या दुसऱ्या हंगामातला 'इची अँड स्क्रॅची अँड मार्ज', २० डिसेंबर १९९०. मार्जच्या मोहिमेमुळे मुलांचं आवडतं मारधाडीचं कार्टून मिळमिळीत होतं, मुलं टीव्ही बंद करून डोळे चोळत बाहेर येतात आणि बीथोवनच्या पास्टोरल सिम्फनीवर अख्खं गाव खेळायला लागतं. एवढाच तुकडा दाखवा. पीटरच्या निसर्गवेडाशेजारी ठेवला की फरक कळतो: इथे मुलांना कोणी ढकलत नाही.

दुसरा तुकडा ३० ऑक्टोबर १९९४च्या हॅलोविन विशेषमधला 'द शिनिंग' या भयपटाची थट्टा करणारा. टीव्ही आणि बिअर दोन्ही नाही म्हणून होमर कुऱ्हाड घेऊन घरच्यांच्या मागे लागतो आणि हातात मावणारा छोटा टीव्ही दिसताच निवळतो. कुऱ्हाड आणि रक्त आहे, तेव्हा आधी सांगून दाखवा. वेळ नसेल तर हाच गाळा.

'फॅमिली गाय'ला अमेरिकेत टीव्ही-१४ (चौदाखालच्यांना कदाचित योग्य नाही) हे मानांकन आहे. तुमच्या वयोगटाला चालेल. पाहुण्यांची धाकटी भावंडं येणार असतील तर त्यांना मात्र नको.

चौकटराजा_नव्हे

प्रोजेक्टरचं मी सांगतो. दोन्ही भाग ४:३ (रुंदी ४, उंची ३) मापात बनलेले आहेत. आजचा प्रोजेक्टर १६:९ चा असतो आणि 'फिल' नाहीतर 'स्ट्रेच'वर ठेवला तर पीटर आहे त्याहून एक तृतीयांशाने जास्त रुंद दिसतो. प्रोजेक्टरच्या मेनूत मूळ माप किंवा ४:३ निवडा. लॅपटॉपवरून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावत असाल तर 'ए' दाबत राहा, मापं एकामागून एक बदलतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले म्हणजे बरोबर.

झूम करून पट्टे घालवू नका. ४:३ चं चित्र १६:९ मध्ये बसवायला वरून आणि खालून मिळून पाव चित्र कापावं लागतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर 'द सिम्पसन्स'चे जुने भाग असेच कापून आले, प्रेक्षकांनी आरडाओरडा केला आणि मे २०२० मध्ये मूळ मापाचा पर्याय मिळाला. तिथे मालिकेच्या तपशिलांत 'रीमास्टर्ड अ‍ॅस्पेक्ट रेशो' असा खटका आहे, तो बंद ठेवायचा. तुमच्या सत्रात तर याला जास्तच महत्त्व आहे. पीटरच्या अंगावरची चौकट त्या काळच्या टीव्हीची आणि तिच्याबाहेरची चौकट प्रेक्षकाच्या खऱ्या टीव्हीची. बाहेरची कापली की चौकटीतल्या चौकटीची गंमत अर्धी होते.

आणखी एक. स्ट्रीमिंगची वर्गणी घरगुती पाहण्यापुरती असते, सभागृहासाठी नाही. अधिकृत डीव्हीडी वापरा. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमाला सूट आहे, पण प्रेक्षक संस्थेशी संबंधित असावे लागतात: विद्यार्थी, शिक्षक, पालक. दारावर पोस्टर लावून बाहेरच्यांना बोलावलंत की ती सूट गेली.

अनुस्वार

सबटायटल. सगळ्यात जास्त घोटाळा फ्रेमच्या वेगाचा होतो. अमेरिकन प्रतीसाठी केलेली फाइल सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या हिशेबाने असते. पाल पद्धतीची (भारत-युरोपातल्या टीव्हीच्या मापाची) डीव्हीडी २५ ने पळते, म्हणजे चार टक्क्यांहून थोडी जास्त जलद. पहिली ओळ बरोबर बसते आणि २२ मिनिटांच्या भागाच्या शेवटी ओळी जवळपास ५४ सेकंद मागे पडलेल्या असतात. व्हीएलसीत 'जी' आणि 'एच' दाबून ओळी ५० मिलिसेकंदांनी अलीकडे-पलीकडे सरकवता येतात, पण तो उपाय सगळा भाग सारखाच चुकला असेल तरच. वाढत जाणाऱ्या चुकीला 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून घ्या. कामाला लागण्याआधी फाइलची पहिली आणि शेवटची ओळ तपासा, दहा मिनिटं जातात आणि रात्र वाचते.

फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करा, नाहीतर पडद्यावर अगम्य चिन्हं येतात. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये फाँट निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी ठेवा आणि ज्या लॅपटॉपवरून दाखवणार त्यावरच 'क्ष', 'र्‍या', 'ट्र' ही जोडाक्षरं नीट दिसतात का ते बघा. ओळीत ३५ च्या आसपास अक्षरं, एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, पडद्यावर किमान एक सेकंद. हा भाग भरभर बोलतो, त्यामुळे शब्दाला शब्द नाही चालणार. नात्यातला टोमणा ठेवा, भरीचं बोलणं सोडा.

गावाचं नाव 'क्वाहॉग' असंच लिहा, ते ऱ्होड आयलंडकडच्या एका शिंपल्याचं नाव आहे. कटअवे, म्हणजे मध्येच येणारे तुटक प्रसंग, जुन्या अमेरिकन मालिकांवर बेतलेले आहेत. कंसात टीपा देऊ नका, वाचेपर्यंत प्रसंग संपतो. सुरू करण्याआधी तोंडी सांगा: 'चिप्स' ही १९७७ ते १९८३ मधली मोटारसायकलवरच्या पोलिसांची मालिका, या भागात येणारा विल्यम शॅटनर हा नट म्हणजे 'स्टार ट्रेक'चा कॅप्टन कर्क. इतकं पुरे. घरातलं तान्हं पोर स्ट्यूई जगातली ब्रोकोली संपवायला हवामानाचं यंत्र बनवतो त्या उपकथेला काही समजावून सांगायची गरज नाही, भाजी नको म्हणणारं पोर सगळ्यांना कळतं.

चौथी_भिंत

मंडळी, फार मोलाचं. हिशेब असा मांडलाय: प्रस्तावना ८ मिनिटं, 'सिम्पसन्स' २२, चहा १०, 'फॅमिली गाय' थांबे धरून ३२, उरलेली १८ चर्चेला. चालेल?

उत्तररात्र

चहा दोन भागांच्या मध्ये नको, शेवटी ठेवा. दहा मिनिटांत सिम्पसन्सची खिडकी डोक्यातून जाते आणि पीटरची आली की कोणाला काही आठवत नाही. ती दहा मिनिटं चर्चेत घाला, चहा हातात घेऊन मुलं जास्त बोलतात.

सावकाश

आणि 'फॅमिली गाय' शेवटच्या चित्रापर्यंत चालू द्या. वादळात मेगच्या गाडीखाली पीटर आणि शॅटनर दोघेही येतात, तिथेच संपलं असं वाटून बरेच जण दिवे लावतात. नंतर रुग्णालयातला प्रसंग आहे: पीटर प्लास्टरमध्ये जखडलेला, हलता येत नाही आणि खोलीत टीव्ही. दिव्याच्या बटनाशी बसणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.