अमेरिकेत सिनेटर परत राज्यांनी निवडावेत का?

प्रश्न: १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीआधी तिथे सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य, राज्यांची विधिमंडळं निवडायची, आता लोक थेट मत देतात. पण मग वॉशिंग्टनमध्ये राज्य सरकारची बाजू मांडणार कोण? मला तर जुनी पद्धतच बरी वाटते, तुम्हाला?

प्रतिसाद १: अजिबात नको! डेलावेअरच्या आमदारांचं जमेना म्हणून १९०१ ते १९०३ त्या राज्याला एकही सिनेटर नव्हता, आणि मोंटानाच्या विल्यम क्लार्कवर आमदारांना पैसे चारल्याचा आरोप झाला, शेवटी १९०० मध्ये राजीनामा दिला त्याने. मूठभर आमदार फोडणं सोपं असतं हो.

प्रतिसाद २: पटतंय, पण आता प्रचाराला पैसा लागतोच ना, तोही बरेचदा राज्याबाहेरून येतो.

प्रतिसाद ३: तरी मत लोकांकडेच राहू दे. जागा मधेच रिकामी झाली तर बऱ्याच राज्यांत गव्हर्नर तात्पुरता माणूस नेमतात, तेवढं पुरे.