बारावीनंतर एक वर्ष थांबून पशुआनुवंशिकीकडे वळावे का?

प्रश्नकर्ता: नमस्कार. मी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालो असून प्राण्यांच्या जनुकांवर संशोधन करण्याची इच्छा आहे. पदवीपूर्वी एक वर्ष थांबून हे क्षेत्र जवळून पाहावे असे वाटते. घरच्यांना मात्र वर्ष वाया जाण्याची भीती आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माणदेशी: थांबणार असाल, तर ते वर्ष मेंढ्यांच्या वाड्यावर घालवा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गरोळ मेंढीतील ‘फेक-बी’ हे जनुक संकराद्वारे दख्खनी मेंढीत आणले, आणि एरवी बहुधा एकच कोकरू देणारी मेंढी जुळी देऊ लागली. जनुक कोणात उतरले हे डीएनए तपासून कळते. परंतु जुळ्यांना दूध पुरते का, चराई आटल्यावर ती जगतात का, याच्या नोंदी वाड्यावरच ठेवाव्या लागतात, आणि त्यांच्यावाचून प्रयोगशाळेतील निष्कर्ष अपुरे राहतात. (शेणामुताचा कंटाळा असेल, तर आताच कळलेले बरे.)

पशुवैद्यक: वरील सल्ला योग्य आहे, पण पशुवैद्यक पदवीचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो आणि ती पदवी आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची आहे, हे ध्यानात घेऊन अभ्यास खंडित होऊ देऊ नये. शिक्षणात पडलेल्या वर्षाच्या खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्रही तयार ठेवावे.

प्रश्नकर्ता: जीवशास्त्राची पदवी घेऊनही या संशोधनात येता येते का?

माणदेशी: येते. जनुकीय विश्लेषणात संख्याशास्त्र फार लागते; त्यामुळे गणित सोडू नका.